इंटरनेटवरचा सडा

आमच्या शाळेत विकी आला तेव्हा पहिला घोळ रंगाऱ्याने घातला. संगणकाच्या खोलीवर 'विकी कक्ष' अशी पाटी रंगवायची होती. रंगारी गावातलाच, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेली. त्याला वाटलं, शाळेच्या लोकांनी घाईत 'र' खाल्लाय. त्याने बिचाऱ्याने तो आपल्या पदरचा घातला आणि 'विक्री कक्ष' अशी झोकदार पाटी रंगवून घरी गेला. बरेच दिवस ती तशीच होती. कोणाच्या डोळ्यांना खुपली नाही, कारण विकी म्हणजे काय हे पाटी रंगवून घेणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं. एक पालक येऊन 'वह्यांचा माल कधी येतोय?' असं विचारून गेले, तेव्हा कुठे उजेड पडला. मी शिक्षककक्षात म्हटलं, राहू दे की तशीच, नाहीतरी कोणीतरी आपल्या गळ्यात काहीतरी विकून मारलंच आहे. सगळे हसले, फक्त मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांचं हसू वरिष्ठांसाठी राखून ठेवलेलं असे.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. रत्नागिरीच्या कडेला असलेल्या त्या शाळेत मी मराठी शिकवत होते. अर्धी मुलं शहरातली, अर्धी आजूबाजूच्या गावांतून एसटीने येणारी. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. वय माझ्या भाच्याएवढं, खांद्याला काळी बॅग, आणि दर दोन वाक्यांमागे 'कन्सेप्ट समजून घ्या' हे पालुपद. विकी म्हणजे अशी जागा, ते म्हणाले, जिथे प्रत्येक मूल लिहू शकतं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारू शकतं. इथे कोणी मालक नाही, कोणी साहेब नाही, ज्ञान सगळ्यांचं. आणि चूक झाली तरी घाबरू नका, जुनं लिहिलेलं 'इतिहास' या शब्दावर दाबलं की परत दिसतं, विकीवरून काहीच कायमचं पुसलं जात नाही. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. आपल्या पोराच्या वयाच्या माणसाला 'सर, सर' करत होते. 'कोणी साहेब नाही' हे वाक्य ऐकून त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने मला आतून हसू येत होतं.

काय वाटणार, कप्पाळ! तज्ज्ञ पुण्याला पोचले नसतील तोच मुख्याध्यापकांनी विकीला शाळेची शिस्त लावली. मुलांनी पान आधी वहीत कच्चं लिहायचं. मग वर्गशिक्षकांनी लाल शाईने तपासायचं. मग पक्कं लिहायचं, त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यायची, आणि मग चपला बाहेर काढून, हात धुऊन, संगणकावरचं झबलं बाजूला करून ते टाइप करायचं. हो, झबलंच. शिवणाच्या बाईंनी फुलाफुलांच्या कापडाची शिवली होती. दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारायला तर एकही मूल धजावत नसे. 'बाई, पुसू का?' असं विचारायला माझ्याकडे यायची. एकदा एका मुलीने मुख्याध्यापकांच्या 'आमची शाळा' या पानावरचा ऱ्हस्व-दीर्घ नीट केला, तर तिला ऑफिसात बोलावून माफी मागायला लावली. आणि एवढं सगळं करून बसावं, तर वीज जायची. भारनियमनाचं वेळापत्रक आणि संगणकाचा तास यांची काय सोयरीक होती देव जाणे, दोघं बरोबर एकाच वेळी यायचे.

पानं कशी झाली असतील ते सांगायला नकोच. गणपतीपुळ्यावरचं पान एका पोराने लॉजच्या माहितीपत्रकावरून उतरवलं होतं. देवळाचं वर्णन झाल्यावर लगेच 'चोवीस तास गरम पाणी, घरगुती जेवण, गाडी उभी करण्याची सोय'. लाल शाईने ते तपासणाऱ्या आमच्या भूगोलाच्या सरांनी 'सुंदर' असा शेरा मारला होता. हापूसच्या पानाची आणखी वेगळी गंमत. दोन बागायतदारांची मुलं एकाच वर्गात. आपापल्या गावचा आंबा अस्सल आणि दुसऱ्याचा 'कर्नाटकातून आणून पेटीत भरलेला', असं लिहिण्यासाठी त्यांनी शिस्त, सही, लाल शाई सगळं धाब्यावर बसवलं आणि महिनाभर एकमेकांचं पुसत राहिली. खरं सांगायचं तर आख्ख्या शाळेत विकी कळला तो त्या दोघांनाच. त्यांना मुख्याध्यापकांनी पट्टीने झोडपलं.

या सगळ्या कचऱ्यात एक पान मात्र मला मिळालं, त्याचीच ही गोष्ट.

नववीत एक मुलगी होती. वरच्या गावातून यायची. वर्गात तोंड उघडायची नाही, कारण उघडलं की 'हाय' आणि 'नाय' बाहेर पडे आणि शहरातली मुलं खिदळत. तिचे वडील आखातात पाण्याचा टँकर चालवत. घरी आई, बालवाडीतली धाकटी बहीण आणि काका. या काकांचा काजू फोडायचा छोटा धंदा होता आणि त्यांना कामाला हात हवे होते. नववी पुरे झाली, आता एसटीचे धक्के खायला पोरीला कशाला पाठवायचं, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. आई म्हणाली, तिच्या बापाला विचारा. बाप फोनवर म्हणाला, "शाळेनं तिचं लिवलेलं इंटरनेटवर घातलंय म्हनते ना? आमच्या हापिसात कंप्यूटर हाय. शुक्रवारी हापिस मोकळं असतं, तवा वाचतो. बगतो काय शिकतेय, मंग ठरवू."

म्हणजे दहावीला बसायचं की काजूच्या सालीने बोटं काळी करायची, ते तिच्या एका पानावर ठरणार होतं. हे तिने मला मधल्या सुट्टीत, नळाशी डबा धुता धुता सांगितलं. आवाज इतका बारीक की मी दोनदा 'काय?' केलं.

तिने पान लिहिलं 'सडा' या विषयावर. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरची जांभ्या दगडाची उघडी, सपाट जमीन. मैलोनमैल कातळ. तिने काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे:

"सडा आमच्या गावाच्या वर आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथे अनवाणी गेलं तर पाय पोळतात. पावसात तिथे गवत येतं आणि निळी-पिवळी फुलं येतात. ती फुलं वाडीत लावली तर जगत नाहीत. वाडीत मोबाइलला रेंज नाही. सड्यावर आहे. म्हणून बाबांचा फोन येणार असला की आम्ही सगळी सड्यावर जातो आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतो. माझी धाकटी बहीण म्हणते, बाबा सड्यावर राहतात."

मी लाल पेन उघडलं आणि तसंच मिटलं. वीस वर्षं मी मुलांना निबंध शिकवत होते, 'माझा आवडता ऋतू', 'मी झाड झालो तर', आणि हजारो वेळा तीच ती पोपटपंची तपासत होते. इथे एका मुलीने काहीही न नटवता आपलं घर माझ्यासमोर ठेवलं होतं. मला रडूच आलं. मुख्याध्यापकांनी न वाचता सही ठोकली आणि पान विकीवर गेलं.

पण बापाला ते दिसेना. त्याच्या हापिसातल्या संगणकावर मराठीच्या जागी नुसते चौकोन यायचे. एक शुक्रवार असा गेला, दुसराही गेला. शेवटी तिथल्या कोणा मल्याळी इंजिनिअरने काहीतरी खटपट करून अक्षरं आणून दिली. येत्या शुक्रवारी वाचतोच, असा निरोप आला. पोरगी त्या दिवशी चक्क वर्गात हसली.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, आमच्याकडे प्रात्यक्षिक!

शिक्षण खात्याची माणसं येणार म्हणून फरशी पुसली, संगणकांना हार घातले, पाटीवरचा 'र' खरवडून काढला. त्याची सावली उरली ती उरलीच. पुण्याचे तज्ज्ञ पुन्हा आले. पाहुणे खुर्च्यांवर बसून पोहे खात होते. विकीवर कोणीही कसं सुधारू शकतं हे दाखवायला तज्ज्ञांनी पडद्यावर यादी उघडली, आणि त्यांची नजर नेमकी 'सडा'वर पडली.

त्यांनी पान वाचलं आणि मोठ्याने हसले. "हे बघा, हे अगदी उत्तम उदाहरण आहे," ते म्हणाले. "विद्यार्थिनीचा कन्सेप्टच क्लिअर नाहीये. सडा म्हणजे काय? अंगणात घालतात तो!" आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते पान पुसलं आणि टकटक टकटक नवीन टाइप केलं. सडा म्हणजे पहाटे अंगणात शिंपडायचं शेणाचं पाणी. त्याने धूळ बसते. त्यावर रांगोळी काढतात. ही आपली थोर संस्कृती आहे. खाली त्या मुलीचं नाव तेवढं तसंच ठेवलं, कारण श्रेय विद्यार्थ्यांना द्यायचं असतं ना!

त्या पुण्याच्या माणसाला मी अजून एक वेळ माफ करीन. त्याच्या गावी सडा शेणाचाच. पण आमचे मुख्याध्यापक! हा माणूस सड्याच्या गावात जन्मला, याने सड्यावर गुरं राखली, आणि त्याच सड्यावर आपण कसे षटकार मारायचो ते आम्हाला डब्याच्या सुट्टीत ऐकवून ऐकवून कान किटवले. तो माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अगदी बरोबर सर. मुलांना एवढं साधं माहीत नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, सडा म्हणजे आपल्याकडे कातळ. तिने बरोबर लिहिलंय."

"बाई, ते बोलीभाषेत. प्रमाण भाषेत सडा अंगणातलाच."

"मग तुम्ही लहानपणी क्रिकेट खेळायचात ते शेणात का?"

एका पाहुण्याच्या घशात पोहे अडकले. बाकीचे खाली ताटलीत बघू लागले. मी म्हटलं, शब्दकोश काढा, त्यात दोन्ही अर्थ आहेत. तर शब्दकोश कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते ग्रंथपाल पाहुण्यांसाठी चहा आणायला गेलेले. अशी ती ज्ञान सगळ्यांचं असलेली शाळा. संध्याकाळी मी गुपचूप जाऊन जुनं पान परत आणायला बसले, तर मुख्याध्यापकांनी ते आधीच तज्ज्ञांकडून बंद करून घेतलं होतं. वर लिहून आलं, 'हे पान संरक्षित आहे'. शेणाला संरक्षण! मी तशीच त्यांच्या ऑफिसात गेले, उद्या त्या मुलीचा बाप हे वाचणार आहे, तिची शाळा त्यावर अवलंबून आहे, असं हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर बोलताना हा विचार करायचा होतात." पुढे याच विकीसाठी त्यांना एक मानपत्र मिळालं. ते चौकटीत घालून त्यांनी खुर्चीमागे लावलं आणि निवृत्त होताना घरी नेलं.

सोमवारी ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. तिने फक्त सांगितलं. शुक्रवारी बाबांनी वाचलं आणि शनिवारी फोन केला. सड्यावर आई, काका, सगळे होते. बाबा म्हणाले, "तीन शुक्रवार थांबलो आनि शेन वाचलं. ह्ये शिकवतात? मंग कशाला येश्टीचा खर्च?" काका म्हणाले, मी काय सांगत होतो! परीक्षा झाली की शाळा बंद, असं ठरलं.

"तू सांगितलं नाहीस का, की ते तू लिहिलेलं नाही?"

"सांगितलं. काका म्हनाले, नाव तर तुझंच हाय खाली." मग ती म्हणाली, "बाई, बाबांनी मला विचारलं, आपला सडा तू विसरलीस काय गं?"

शाळा सुटणार याचं दुःख तिला होतंच. पण तिला लागलं होतं ते हे वाक्य. बाप चार वर्षांत घरी आला नव्हता, आणि ज्या जागेवर उभी राहून ती त्याच्याशी बोलायची तीच आपल्या पोरीला ठाऊक नाही, असं त्याला वाटत होतं. आम्ही शाळा म्हणवणाऱ्या लोकांनी शेण खाल्लं होतं, आणि तोंड मात्र तिचं माखलं होतं.

मला त्या क्षणी पुण्याच्या त्या शहाण्याचं एकच वाक्य आठवलं. काहीच कायमचं पुसलं जात नाही. मी संगणकाच्या खोलीत गेले, चपला घालूनच गेले, झबलं खाली फेकलं. पान बंद होतं, पण वरचा 'इतिहास' हा शब्द उघडा होता. त्यावर दाबलं. खाली तिचं पान जसंच्या तसं! कुलूप लावणाऱ्याला त्या घराला मागचं दार आहे हेच ठाऊक नव्हतं. मान डोलावताना ऐकायचंही असतं, एवढं कोणी त्यांना शिकवलं नव्हतं.

आता हे त्या बापाला दाखवायचं तर तो संगणकासमोर असताना फोनवर सांगायला हवं. म्हणजे शुक्रवार. मुलीने तसा निरोप त्याला पोचवला. मी शुक्रवारी दुपारची रजा मागितली. रजेचं कारण विचारल्यावर मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सड्यावर चाललेय." त्यांनी वर न बघता मान हलवली.

एसटीने गाव गाठलं आणि तिथून त्या मुलीबरोबर पायवाटेने वर चढले. माझं वय, माझे गुडघे आणि माझी सुती साडी, तिघांनीही मला शिव्या घातल्या. वर आई आधीच येऊन थांबली होती. काकाही आले होते, हात मागे बांधून, बघूया काय तमाशा आहे म्हणून. धाकटी इकडे तिकडे बागडत होती, मोठमोठ्या दगडांमागे जाऊन डोकावत होती. आम्ही वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलो. फोन आला. मुलीने तो स्पीकरवर लावून माझ्या तोंडाशी धरला.

"मी तिची मराठीची बाई बोलतेय. पान उघडलंत का?"

"उगडलंय. परत शेनच दिसतंय."

"त्याच्या वर 'इतिहास' असं लिहिलंय बघा. त्यावर दाबा. एक यादी येईल. सगळ्यात खालच्या ओळीवर दाबा."

पलीकडून माउसची टिकटिक ऐकू आली. काका खाकरले. मग त्याचा आवाज आला, मराठी वाचायची सवय मोडलेल्या माणसाचा, शब्द चाचपत चाचपत. "सडा... आमच्या गावाच्या वर... आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथे... अनवाणी गेलं तर..." तो वाचत राहिला. पाय पोळतात झालं, फुलं झाली, रेंज झाली. मुलगी त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. "माझी धाकटी बहीण म्हणते," त्याने वाचलं, "बाबा सड्यावर..."

आणि थांबला.

"रेंज गेली काय?" आईने विचारलं. मी फोनकडे पाहिलं. रेंज पुरी होती.

मग त्याने विचारलं. "दादा हाय काय तिथं?"

"हाय," काका म्हणाले.

"दादा, पोर शिकंल. दहावी पन शिकंल आनि म्होरं पन शिकंल. काजूला दुसरं मानूस बग." काकांनी मागचे हात पुढे घेतले आणि परत मागे बांधले. मग तो मला म्हणाला, "बाई, त्ये शेनाचं पान काढू नका. मी आलो की त्या हेडमास्तरांस्नी घेऊन सड्यावर जाईन. भर दुपारचं. अनवानी."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. पोरीने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तेवढ्यात धाकटी धावत आली, तिने तो हिसकावून घेतला आणि समोरच्या दगडांकडे बघत ओरडली, "बाबा, आज बाई पन आल्यात. आता तरी भायेर ये!"